दसऱ्यानंतरचा उपवास

सप्तपर्णी फुलली की पुण्यातल्या निम्म्या माणसांचं डोकं दुखतं. सोसायट्यांमध्ये कुरबुरी सुरू होतात, झाड तोडा म्हणून अर्ज जातात, संध्याकाळी फिरायला निघालेले आजोबा नाकाला रुमाल लावतात. माझं डोकं दुखत नाही. चालायला लागतं. ऑक्टोबरातला तो चिकट, गोडसर, घशात बसणारा वास आला की माझ्या आत कोणीतरी पदर खोचून उभं राहतं आणि म्हणतं, चला, आपला महिना आला.

ऋतू फिरला की माणसांना म्हणे आजोळ आठवतं, शाळा आठवते, पहिलं प्रेमबिम आठवतं. मला एक माणूस आठवतो. डॉक्टर कारखानीस. त्यांच्याबद्दल माझ्या मनात जे आहे ते सात्त्विक नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे शेवटी ही बाई क्षमा वगैरे करील या आशेवर कोणी वाचत राहायला नको.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. आमच्या शिक्षणात शेवटचे सहा महिने इंटर्नशिपचे. कुठल्या तरी हॉस्पिटलात पूर्ण वेळ राबायचं, ते पुरं झाल्याशिवाय पदवी हातात पडत नाही. माझे ते सहा महिने बिबवेवाडीतल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात गेले. तळमजल्यावर मागच्या अंगाला आमची लांबट खोली. एका टोकाला दोन समांतर दांड्या. अर्धांगवायूची माणसं त्यांना धरून पुन्हा चालायला शिकत. दुसऱ्या टोकाला पडद्याआड वितळलेल्या मेणाची टाकी. संधिवाताचे हात त्यात बुडवून शेकायचे. पंखा होता, पण तो बिचारा इकडची गरम हवा तिकडे पोचवण्यापलीकडे काही करत नसे. मेणाचा वास, मशीनच्या जेलचा बोटांवर वाळलेला पापुद्रा, म्हाताऱ्या गुडघ्यांची कटकट, आणि खिडकीबाहेर ते झाड. आमचा ऑक्टोबर असा होता.

विभागात पगारी माणूस एकच, विभागप्रमुख कारखानीस सर. बाकी सगळे आम्ही, म्हणजे इंटर्न. सर सकाळी एक फेरी मारत आणि एसी केबिनमध्ये जात. पेशंट खाली काउंटरवर पैसे भरून पावती घेऊन येत आणि आमच्या हातात देत. आमच्या हातात त्या पावत्यांखेरीज दुसरं काही कधी आलं नाही. सरांचा आवाज मात्र कधी चढला नाही. विद्यार्थ्यांनाही अहो-जाहो. कोणी थकून भिंतीला टेकलं की म्हणायचे, "अहो, आपण शिकायला आलात ना? मग शिका की." इतक्या मऊ आवाजात, की आपला अपमान झालाय हे घरी पोचल्यावर कळायचं.

माझ्याबरोबर दीक्षा होती. ब्रह्मपुरीची. पुण्यात तिचं कोणी नव्हतं. हॉस्पिटलच्या मागच्याच गल्लीत पाच-सहा मुलींच्या खोलीत तिची एक कॉट होती. उंचीनं लहान, हातानंही लहान, पण तसे हात मी नंतर कोणाचे पाहिले नाहीत. आखडलेल्या खांद्यावर तिनं बोटं ठेवली की खांदा काही तरी कबूल केल्यासारखा सैल पडायचा. ज्यांचं अंग जन्मापासून ताठर असतं अशी मुलं यायची, तिसऱ्या माणसानं नुसता हात लावला तरी किंचाळायची. ती दीक्षाच्या मांडीवर शांत पडून राहायची. "काऊन रडतं रे? मी काय तुले खातो का?" असं ती त्यांना तिच्या बोलीत विचारायची आणि ती हसायची.

आमच्या दोघींत ती हुशार होती. तरी त्या वर्षी पास मी झाले. कारण मी मांजरीची, पुण्याच्या वेशीवरच्या गावची. घर मांजरीत, आई घरात, सकाळी डबा. आमच्यातला फरक अकलेचा नव्हता, डब्याचा होता. हे वाक्य मी पुढे अनेक ठिकाणी म्हटलं आहे, लोकांना ते विनोदी वाटतं.

नवरात्र आलं. विभागात येणाऱ्या बायकांचे उपवास, आमच्यातल्या दोघी-तिघींचे उपवास. दुपारी आम्ही डबे उघडले की दीक्षा बाहेर जाऊन झाडाखाली बसायची. "माझाही उपास आहे," म्हणाली. मी कौतुक केलं. साबुदाण्याची खिचडी पुढे केली तर म्हणे, कडक आहे माझा, पाण्यावरचा.

मग दसरा झाला. केबिनच्या दारावर सरांनी झेंडूचं तोरण लावलं. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी आपट्याची पानं हातावर ठेवली, ती टेबलावर वाळून गोळा झाली, तोरण काळं पडलं, तरी दीक्षाचा उपवास काही सुटेना.

मी घरी सहज बोलले. आई भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. "आगं, दसरा झाला की. आता कसला उपास हाय तिचा?" मी तव्याकडे बघत राहिले. आई म्हणाली, "उद्यापास्नं दोन डबे हायेत. इसरू नको."

दुसऱ्या दिवशी मी दोन डबे घेऊन गेले. पण त्या दिवशी जेवायची वेळ यायच्या आधीच दीक्षा मेणाच्या टाकीपाशी चक्कर येऊन पडली. मेण नुकतंच तापवलेलं, हात घालण्याइतकं निवलं नव्हतं; पडताना तिचा डावा हात कोपरापर्यंत त्यात गेला. तिनं आरडाओरडा केला नाही. मेण कातडीवर पांढरं होत गोठत गेलं आणि ती नुसती त्याच्याकडे पाहत बसली. मी ते सोलत गेले, खाली कातडी लालभडक निघाली.

सर केबिनमधून आले. हात पाहिला. म्हणाले, "उपवास झेपत नसतील तर करू नयेत हो."

त्या वर्षी सरकारनं आमच्यासारख्या मुलांना मदत द्यायचं ठरवलं होतं. सक्तीच्या इंटर्नशिपवर आहे आणि संस्था काही देत नाही, अशा विद्यार्थ्याला सरकारकडून विद्यावेतन, थेट त्याच्या खात्यात. संस्थेच्या खिशाला हात लागणार नव्हता. फक्त संस्थेनं लिहून द्यायचं होतं, हा विद्यार्थी आमच्याकडे पूर्ण वेळ काम करतो. एक सही. हाताला पट्टी बांधलेली दीक्षा आणि मी सरांच्या केबिनमध्ये गेलो. मला त्या केबिनचा गारवा आठवतो. बाहेरच्या भट्टीतून आत गेल्यावर अंगावर काटा आला होता.

सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "'काम' हा शब्द मला मान्य नाही. आपण इथे काम करत नाही, शिकता. मी उद्या लिहून दिलं की सगळे पेशंट इंटर्न बघतात, तर ट्रस्टला कोणी विचारील, मग तुमची नेमलेली माणसं कुठे आहेत? त्यांना मी काय सांगू?"

"खरं ते सांगा," दीक्षा म्हणाली.

सर हसले. खरोखर प्रेमळ हसले. "अहो, आपल्यात जिद्द आहे. ती अभ्यासात वापरा."

दिवाळीच्या तोंडावर कोण्या पेशंटनं सरांना सहज सांगितलं, तुमची ती छोटी डॉक्टर आमच्या जिमच्या काउंटरवर असते हो संध्याकाळी. झालं. बाहेर नोकरी करणारा विद्यार्थी इंटर्न असू शकत नाही, असा नियम सरांना सापडला. दीक्षाचे झालेले सगळे महिने रद्द. पुन्हा पहिल्यापासून सुरू करा, असं त्यांनी तिला समोर बसवून, पाणी देऊन, सांगितलं.

पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला पुण्यात राहावं लागतं. ती गेली. नागपूरच्या गाडीवर सोडायला मी आणि आई गेलो होतो. आईनं भाकऱ्या बांधून दिल्या. गाडी हलताना दीक्षानं खिडकीतून माझा हात धरला. रडत नव्हती. डोळे कोरडे, चकचकीत. "पाहून घेजो त्याले," म्हणाली. "मी नाही आता पाहत. तू पाहून घेजो."

मला कोणी देवाची शपथ घातली असती तरी ती मी एव्हाना विसरले असते. हे विसरले नाही.

सूड म्हटलं की लोकांना काही तरी लाल, भडक, धावतपळत करायचं वाटतं. माझा अनुभव वेगळा आहे. सुडाला लोणच्यासारखं मुरायला ठेवावं लागतं आणि मधूनमधून बरणी हलवावी लागते. मी पुढचं शिकले, वाघोलीतल्या एका नव्या हॉस्पिटलात नोकरीला लागले. तेव्हा वाघोलीत निम्म्या इमारतींना रंग नव्हता आणि रस्त्याला रस्ता म्हणायची पद्धत नव्हती. गाव वाढत गेलं, हॉस्पिटल वाढत गेलं, बरोबरीची माणसं सोडून गेली आणि विभाग माझ्याकडे आला. दर ऑक्टोबरात, कोणाचा तरी गुडघा वाकवता वाकवता, मी मनातल्या मनात कारखानीस सरांशी बोलत असे. माझी वाक्यं वर्षागणिक सुबक होत गेली. त्यातलं एकही पुढे वापरावं लागलं नाही.

कारण मला अचानक दिसलं, की त्या माणसाकडे काहीही नाही. ना ज्ञान, ना यंत्रं. त्याच्याकडे आहेत फुकटचे हात. तेवढे काढून घेतले की झालं.

आमचे मालक बिल्डर. समाजसेवेचा त्यांना शौक नाही. मी त्यांच्याकडे गेले आणि म्हटलं, "सरकार इंटर्नना पैसे देतं. आपण सही द्यायची."

"आपला खर्च काय?"

"शाई."

"मग द्या की. विचारताय काय?"

जाता जाता मी म्हटलं, आणि दुपारचं जेवण कँटीनमधून. त्यांनी भुवया वर केल्या. मी म्हटलं, "उपाशी पोरगी पेशंटच्या अंगावर पडली तर वकील महाग पडेल." तेही मिळालं.

मुलांमध्ये बातमी पसरायला जाहिरात लागत नाही. पहिल्या वर्षी बिबवेवाडीहून दोघी-तिघी आमच्याकडे आल्या. पुढच्या वर्षी निम्मी बॅच. मग एका ऑक्टोबरात कळलं, त्या लांबट खोलीत एकही इंटर्न उरलेला नाही. पेशंट बाकावर बसून आहेत, आणि कारखानीस सर केबिनमधून बाहेर येऊन स्वतः लोकांचे गुडघे वाकवत आहेत. त्या रात्री मला फार छान झोप लागली. सुडानं मनःशांती मिळत नाही असं सांगणारे लोक बहुधा तो अर्ध्यावर सोडत असावेत.

काही दिवसांनी सर स्वतः वाघोलीला आले. मी त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं, माझ्या गुडघेदुखीवाल्या काकूंच्या रांगेत. बराच वेळ. मग आत बोलावलं, चहा दिला. त्यांनी मला ओळखलं, निदान तसं म्हणाले. "अहो, आपण आमच्याच की. पाळीपाळीनं दोन-चार मुलं पाठवत जा आमच्याकडे."

"सर, आपण सही द्या. मुलं आपली आपण येतील."

"ट्रस्टच्या अडचणी असतात हो. आपल्याला कल्पना आहे."

"आहे ना. दीक्षाला पण होती."

त्यांनी कप खाली ठेवला. कपाळाला आठी घातली, आठवायचा अगदी प्रामाणिक प्रयत्न केला. "कोण दीक्षा?"

मी इतकी वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली, तो असा आला. मी तिला रोज आठवत होते, आणि याला ती आठवतच नव्हती. ज्याच्या अंगावर आपण एवढी मेहनत घेऊन वार केला, त्याला तो कशाबद्दल बसला हेच माहीत नाही! ते गेल्यावर चहाचा उरलेला कप मी स्वतः बेसिनमध्ये ओतला, आणि माझ्या लक्षात आलं की माझं काम अजून अर्धंच झालंय.

त्याच आठवड्यात रेखाताई आल्या. बिबवेवाडीत पोळ्या लाटायला जाणारी बाई, कडेवर सहा वर्षांचा ओंकार, दोन्ही पाय कातरीसारखे एकमेकांत अडकलेले. दोन बस बदलून आल्या होत्या. "तिकडं आता कुणीच पोरी नाहीत हो मॅडम," त्या म्हणाल्या. "मोठे सर एकटे. आमचा नंबर लागतच नाही. तिकडच्या पोरी कुठं गेल्या?"

तिकडच्या पोरी माझ्या मागेच उभ्या होत्या. मी ओंकारचे पाय हातात घेतले. कितीतरी दिवसांत कोणी हात लावला नव्हता, ते कळत होतं. माझ्या सुडाचा एक फटका तिसरीकडेच बसला होता. खोटं कशाला बोलू, त्यामुळे सूड सोडावा असं मला एकदाही वाटलं नाही. तो नीट करावा असं वाटलं.

मी ब्रह्मपुरीला फोन लावला. दीक्षा तिथे एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायची. घरोघर स्कूटीवरून फिरायची. मी सांगितलं, मालकांना पटवून बिबवेवाडीत आमच्या हॉस्पिटलची शाखा काढते आहे, मुलांसाठी. विद्यापीठाकडून परवानगी मी आणते. तू ये. इंटर्नशिप पूर्ण कर, सरकारचं विद्यावेतन घे, मग ती शाखा तूच चालव. तिच्या मागे कुठे तरी गिरणीचा आवाज येत होता.

"येईन," म्हणाली. "पण जागा मी म्हणीन तिथं पाहिजे."

"कुठे?"

"त्याच्या समोर. खिडकीतून दिसाले पाहिजे त्याले."

परवानगी काढताना माझ्या चपला झिजल्या, पण मिळाली. त्या हॉस्पिटलच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडे, एका बेकरीच्या वर हॉल मिळाला. जिना अरुंद, म्हणून मुलांना उचलून न्यायला बेकरीवाले मदत करतात. वर पोचेपर्यंत खारीचा वास अंगाला चिकटतो. इंटर्न मुलींच्या नावांची पाटी आम्ही मुद्दाम मोठ्या अक्षरात रंगवून घेतली. सगळ्यात वर दीक्षाचं नाव. तिशी उलटलेली इंटर्न! बाकीच्या पोरी तिला ताई म्हणतात. तिच्या डाव्या हातावर कोपरापर्यंत एक गुळगुळीत, गुलाबी डाग आहे. लहान मुलं त्याच्यावरून बोट फिरवतात. ती फिरवू देते.

रेखाताई पहिल्याच दिवशी आल्या. मग हळूहळू रस्त्यापलीकडचे बाक ओस पडत गेले आणि आमचे भरत गेले.

परवा मी तिथेच होते. दुपारची वेळ, रस्त्यावर ऊन उतू चाललेलं. दीक्षा ओंकारला दांड्यांमध्ये उभं करत होती. एका बाजूनं ती, दुसऱ्या बाजूनं एक इंटर्न. जिन्यावर पावलं वाजली आणि कारखानीस सर दारात आले. कोट घातलेला, पाठ घामानं भिजलेली. पुष्कळ थकले आहेत. मी उठले नाही.

"सर, चपला बाहेर," दीक्षा मान न वळवता म्हणाली.

त्यांनी बूट काढले. मोज्यांवर आत आले. मला म्हणाले, "मॅडम, ट्रस्टनं ठरवलंय. पुढच्या बॅचपासून आम्ही सही देणार आहोत. पूर्ण वेळ काम करतात, असं स्वच्छ लिहून देणार. तेवढं सांगायला आलो. आता तरी मुलं येऊ द्यात आमच्याकडे."

आता इथे मला आनंद व्हायला हवा होता. पुढच्या वर्षी त्या लांबट खोलीत कोणी पोरगी उपाशी राहणार नाही. झालाही असेल थोडा. पण खरं सांगायचं तर मला चुटपुट लागली. शत्रू सुधारला की आपण करायचं काय?

तेवढ्यात ओंकारच्या दुसऱ्या बाजूची इंटर्न फोन आला म्हणून खाली पळाली. ओंकार डगमगला. दीक्षानं त्याला सावरलं आणि पहिल्यांदा सरांकडे वळून पाहिलं.

"सर, जरा धरता का याला? माणसं कमी आहेत."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. रेखाताई बाकावरून पाहत होत्या, आणखी चार आया पाहत होत्या. सर पुढे झाले आणि त्यांनी ओंकारची कंबर धरली.

"खालून धरा. त्याचं वजन तुमच्यावर येऊ द्या. हां."

ओंकारनं खरंच सगळं वजन त्यांच्यावर टाकलं. सर वाकले. मऊ, नाजूक हात, अंगठ्याजवळची शीर तटतटून उठलेली. दीक्षा समोर गुडघ्यांवर बसली आणि ओंकारचे पाय एकेक करून वेगळे करू लागली, काही घाई नसल्यासारखी.

"मी दीक्षा," ती पायांकडेच बघत म्हणाली. "तुमची इंटर्न होते. तुम्ही माझे महिने रद्द केले होते."

सरांची नजर तिच्या हातावरच्या डागावर गेली. तिथेच थांबली. मग त्यांच्या चेहऱ्यावर काही तरी हललं, आणि मला दिसलं, की आता त्यांना आठवतंय. सगळं आठवतंय.

ओंकारनं एक पाऊल टाकलं. बाकावरून रेखाताईंचा हुंकार आला. सरांच्या कपाळावरचा घाम नाकावरून ओघळून जमिनीवर पडला. पुसायला हात मोकळा नव्हता.

"सोडू का आता?" त्यांनी विचारलं. आवाज तसाच मऊ.

दीक्षानं ओंकारचा दुसरा पाय हातात घेतला.

"नाही सर," ती म्हणाली. "एवढ्यात नाही."